ज्योतीचे रंग : कार्यकारणभावाचा एक पाठ

गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचा कण पडला की ती क्षणभर पिवळीधमक होते. मोरचुदाने तिला हिरवी झाक येते. कारण ठाऊक नसेल, तर अशा रंगपालटाला चमत्कार मानण्याचा मोह होतो. कारण कळले की भय आणि भाबडेपणा दोन्ही ओसरतात.

अणूतील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. उष्णतेने ते वरच्या पातळीवर जातात आणि खाली परतताना ती ऊर्जा प्रकाशरूपाने देतात. पातळ्यांमधील अंतरावर रंग ठरतो आणि ही अंतरे प्रत्येक मूलद्रव्याची निराळी असतात. म्हणून सोडियम पिवळा, तर पोटॅशियम फिकट जांभळा रंग देते. कॅल्शियमचा विटकरी, स्ट्रॉन्शियमचा किरमिजी आणि बेरियमचा पोपटी रंग मुख्यतः ज्योतीत क्षणभर तयार होणाऱ्या त्यांच्या संयुगांच्या रेणूंमुळे दिसतो. मीठ, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा ही नावे तीन; परंतु तिन्हींत सोडियम असल्याने ज्योत एकच साक्ष देते.

तथापि केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही. सोडियमचा अल्पसा अंशही पोटॅशियमचा रंग झाकून टाकतो. तेव्हा निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावे लागते. विहारातील मेणबत्तीची ज्योतही पिवळीच, पण तिचे कारण सोडियम नव्हे, तर तापून प्रकाशणारे काजळीचे सूक्ष्म कण. रंग सारखा, कारणे भिन्न! लोलकातून पाहिल्यास हा भेद उघड होतो : मेणबत्तीच्या प्रकाशाचा सलग रंगपट्टा दिसतो, तर सोडियमच्या प्रकाशाच्या, अगदी जवळजवळ असलेल्या दोन पिवळ्या रेषा.

याच पद्धतीने बुन्सेन आणि किरखॉफ यांनी 1860 मध्ये सीझियम व 1861 मध्ये रुबिडियम शोधले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट अभ्यासला. त्याच वर्षी सूर्यप्रकाशात सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांहून वेगळी अशी एक पिवळी रेषा ओळखली गेली. ती हेलियमची ठरली. पृथ्वीवर हे मूलद्रव्य 1895 मध्ये रॅम्झी यांना गवसले.

हेतू-प्रत्ययांवाचून काहीही उत्पन्न होत नाही, ही तथागतांची शिकवण. ती वंदनेपुरती न राहता प्रयोगशाळेच्या मेजावरही आचरणात यावी. दिसले म्हणून मानू नये. कारण शोधावे, पारखावे आणि मगच स्वीकारावे. ही सवय घेऊन जो विद्यार्थी वसतिगृहाबाहेर पडेल, त्याला फसवणे सोपे राहणार नाही.