कुंडीतला वाटाणा

कुंडीत वाटाणा पेरा आणि समोर बसून राहा. तासभर बघा, दिवसभर बघा. काही हलताना दिसणार नाही. महिन्याभराने मात्र वेल काठीला धरून उभा! सगळे डोळ्यांदेखत घडले, तरी डोळ्यांना दिसले नाही.

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी ही न दिसणारी वाढ कॅमेऱ्यात धरली. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताशी होता, चित्रपट काढायचा ध्यास होता. भांडवल तेवढे नव्हते. हलती चित्रे इथे, आपल्या हातांनी बनवता येतात, हे नुसत्या बोलण्याने कोणाला पटावे? फाळक्यांनी वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला.

युक्ती साधी, पण थक्क करणारी. पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकली, की ती सुटी न वाटता सलग हालचाल दिसते. मिनिटाला झाली ९६० चित्रे. समजा, ३० दिवसांची वाढ मिनिटभरात दाखवायची आहे. मग दर ४५ मिनिटांनी एकच चित्र घ्यायचे. कॅमेऱ्याला जरासा धक्का लागला, तर पडद्यावर रोप दचकते. उजेड कमीजास्त झाला, तर चित्र लुकलुकते. अशा कामाला माळ्याचा धीर लागतो.

‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. बघता बघता कोंब वर येतो, रोप होते, वेल होतो! तो पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी यांनी कर्ज दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात फाळक्यांचा कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. आपल्या कथापटांची मुळे अशी एका माहितीपटात रुजली आहेत.

मला खरे नवल पुढचेच वाटते. वाटाण्याच्या लघुपटातले प्रत्येक चित्र खरे, पण ती सरसर वाढ कुंडीपाशी बसलेल्या कोणीही कधी पाहिलेली नव्हती. फाळक्यांनी रोपाला हात लावला नाही. दोन चित्रांमधला वेळ तेवढा गाळला. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, या निवडीतूनच माहितीपट बोलतो.

नदी आटते, गाव रिकामे होते, तेही वाटाण्यासारखेच, कणाकणाने. त्यात राहणाऱ्यांना ते रोज दिसते आणि कळत नाही. ते दाखवायला कोणाला तरी त्याच जागी, तोच कॅमेरा घेऊन, पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते.