पानगळीच्या ऋतूतील गोड ‘चेटूक’

युरोप-अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला, की स्वयंपाकघरांचे रूप पालटू लागते. दिवस आखूड होतात, झाडांची पाने तांबूस होऊन गळतात आणि ओव्हनमधून दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ यांचा दरवळ येऊ लागतो. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी भोपळे कोरले जातात, भिंतीवर वाळत्या वनस्पतींच्या जुड्या टांगल्या जातात आणि मेणबत्तीच्या उजेडात वनस्पतींच्या चहाचे पेले भरले जातात. गोष्टीतल्या चेटकिणीचे घर भासावे, अशा या ऊबदार थाटाची हौस अलीकडे चांगलीच वाढली आहे. हौस नवी असली तरी त्यातील पदार्थ जुने आहेत. वनस्पतींच्या ज्या ज्ञानाचे आज कौतुक होते, त्याच ज्ञानामुळे एकेकाळी एखादी स्त्री संशयास पात्र ठरू शकत असे, हेही या निमित्ताने लक्षात घेण्यासारखे आहे.

आत्म्यांच्या नावाने केक

या सणाचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमधील ‘साविन’ या लोकोत्सवात मानले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा हा संधिकाल. या रात्री मृतांचे जग आपल्या जगाच्या अगदी जवळ येते, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस ठरला. इंग्लंडमध्ये या दिवसांत ‘सोल केक’ भाजले जात. मसाला व मनुका घातलेल्या या लहान, गोल केकवर क्रूसाची खूण असे. गरीब माणसे आणि मुले दारोदार जाऊन गाणी म्हणत, घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात हे केक घेत. चेशायर व श्रॉपशायर या परगण्यांत ही प्रथा दीर्घकाळ टिकून होती.

आयर्लंडमधील ‘बार्मब्रॅक’ याहून गमतीदार आहे. मूळ आयरिश नावाचा अर्थ ‘ठिपकेदार पाव’ असा होतो. पावात निरनिराळ्या वस्तू दडवीत आणि ज्याच्या तुकड्यात जी वस्तू येई, तिच्यावरून त्याचे वर्षाचे भविष्य सांगत. अंगठी आली तर लग्न, नाणे आले तर संपत्ती, चिंधी आली तर दारिद्र्य आणि वाटाणा आला तर यंदा लग्नाचा योग नाही! अंगठी घातलेले ब्रॅक तेथे आजही दुकानांत मिळतात.

यीस्टशिवाय होणारा ‘टी ब्रॅक’ घरी करणे अवघड नाही. सुमारे ३०० ग्रॅम मनुका व बेदाणे ३०० मिलिलिटर कोऱ्या, कडक, गार झालेल्या चहात रात्रभर भिजत ठेवावेत. सकाळी त्यात १२५ ग्रॅम तपकिरी साखर, एक अंडे, २२५ ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर आणि चमचाभर दालचिनी-जायफळाची पूड मिसळावी. साच्यात घालून १६० ते १७० अंश सेल्सिअसवर तासभर किंवा थोडे अधिक भाजावे. अंगठी घालायची असल्यास ती कागदात गुंडाळावी आणि खाणाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

पेल्यातला पाला

ब्रॅकसोबत घेतला जाणारा वनस्पतींचा चहा हा खऱ्या अर्थाने चहा नव्हे. त्यात चहाची पत्ती नसतेच. कॅमोमाइलची फुले, पुदिना, लेमन बाम किंवा जंगली गुलाबाची फळे उकळत्या पाण्यात टाकून पाच ते दहा मिनिटे ठेवतात. पेला झाकणे महत्त्वाचे, कारण सुगंध देणारी तेले वाफेबरोबर उडून जातात. यातील गुलाबफळांचा इतिहास रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात घटल्यावर ब्रिटनमध्ये ही फळे रानावनातून गोळा करण्यात आली आणि त्यांचा पाक क जीवनसत्त्वासाठी मुलांना देण्यात आला.

अशा पारंपरिक काढ्यातून आधुनिक वैद्यकाला एक मोठे औषधही मिळाले. अंगात पाणी साठून सूज येण्याच्या विकारावर श्रॉपशायरमधील एका वृद्धेकडे वीसहून अधिक वनस्पतींचा गुप्त काढा होता. बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी त्यातील गुणकारी वनस्पती ‘फॉक्सग्लोव्ह’ असल्याचे ओळखले आणि १७८५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. हृदयविकारावर आजही दिले जाणारे डिगॉक्सिन हे याच कुळातील वनस्पतींपासून मिळते. विदरिंग यांचे नाव अजरामर झाले. त्या वृद्धेचे नाव मात्र त्यांच्या ग्रंथात नाही.

येथेच सावधगिरीचा मुद्दा येतो. फॉक्सग्लोव्हची मात्रा किंचित चुकली तरी ती जिवावर बेतू शकते. फुले येण्यापूर्वी तिची पाने कॉम्फ्री या वनस्पतीसारखी दिसतात आणि या गल्लतीतून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कॉम्फ्रीही पोटात घेतल्यास यकृताला घातक ठरते. पेनीरॉयल या पुदिन्याच्या भाईबंदाच्या तेलाने मृत्यू ओढवले आहेत. कच्ची एल्डरबेरी खाऊ नये, ती शिजवूनच वापरावी. शेवंतीच्या कुळातील फुलांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी कॅमोमाइल टाळावे. गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज असे प्रयोग करू नयेत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समज सोडलेला बरा.

नावामागचा इतिहास

‘चेटकीण’ हा शब्द आज सजावटीपुरता उरला असला तरी त्याला रक्तरंजित इतिहास आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ चा जादूटोणाविरोधी कायदा १७३६ पर्यंत लागू होता. त्या काळात सुमारे चार हजार जणांवर आरोप झाले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सर्वच काही वैदू नव्हत्या. पण रोगोपचारांसाठी ओळखली जाणारी अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही त्यांपैकी एक होती. १५९१ मध्ये तिला मृत्युदंड देण्यात आला. या अन्यायाबद्दल स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी जाहीर माफी मागितली. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. करणी वा चेटूक केल्याचा आळ घेऊन एखाद्याचा छळ करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

म्हणून ब्रॅक भाजू नये किंवा झाकलेल्या पेल्यातला चहा पिऊ नये, असे मुळीच नाही. मसाल्याचा दरवळ आणि चार माणसांच्या संगतीत कापलेला पाव यांची मोहिनी खरीच आहे. फक्त पेल्यात पडणारे प्रत्येक पान ओळखीचे असावे आणि ज्या स्त्रियांच्या नावाने हा थाट मांडला जातो, त्यांचे स्मरणही असावे.