पुडा कुठला, माल कुठला?

मागच्या बैठकीत आम्ही गटातल्या बाया घरचा किराणा मांडून बसलो. उमरेडच्या शिवारात तूर, सोयाबीन आपणच पिकवतो. मग दुकानातली डाळ आणि तेल कुठून येतं, ते पाहायचं होतं.

एक जण म्हणाली, बारकोड ८९० नं सुरू झाला की माल भारतातला. नाही बाई! तो आकडा भारतात नोंदवलेला, एवढाच त्याचा अर्थ. खरं कळतं ते मागच्या बारीक अक्षरांत. बाहेरून आलेल्या पाकीटबंद मालावर ‘कंट्री ऑफ ओरिजिन’, म्हणजे मूळ देश, आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो. ‘पॅक्ड बाय’पुढे नागपूर असलं, तर पुडा तिथं भरला, इतकंच.

तेलाचं जरा अवघड आहे. पामतेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचं. सोयाबीनचं तेलही अर्जेंटिना, ब्राझीलहून कच्चं येतं आणि इथं शुद्ध होतं. घटकांत ‘पामोलिन’ दिसलं की ओळखा.

मसूर कॅनडा, ऑस्ट्रेलियाची असू शकते; तूर म्यानमार, मोझांबिकची. सुट्या डाळीला लेबलच नसतं, म्हणून दुकानदाराला पोतं दाखवायला सांगा. लाजू नका. बाहेरची डाळ वाईट असते असं नाही. पण आपली तूर निघते त्याच दिवसांत ती जास्त आली, तर भाव आपला पडतो.

आयात मालाच्या पाकिटावर देशच नसेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढच्या बैठकीला रिकामे पुडे घेऊन या, फेकू नका.