रग्बीचा संघ आणि त्याचे गाव

खेळाच्या मैदानाभोवती जमणाऱ्या प्रेक्षकांत दोन प्रकारचे लोक असतात. पहिल्या प्रकारचा मनुष्य खेळ पाहावयास येतो. खेळ रंगला तर तो संतुष्ट होतो. न रंगला तर पैसे फुकट गेले असे म्हणून पुढच्या वेळी दुसरी करमणूक शोधतो. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य आपला संघ पाहावयास येतो. पाऊस असो वा थंडी असो, त्याची उभे राहावयाची जागा ठरलेली असते, आणि ओळीने दहा सामने हरलेल्या संघासाठीसुद्धा तो अकराव्या सामन्यास हजर असतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे वर्तन मोठे चमत्कारिक होय. वाईट माल देणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक पुनः फिरकत नाही. मग हरणाऱ्या संघाकडे लोक पिढ्यान् पिढ्या का येतात?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ब्रिटनमधील वेल्स ह्या लहानशा देशाइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल. तेथील दक्षिण भागात रग्बीचा क्लब आणि गाव ह्यांचे नाते इतके जुने व इतके उघड आहे की, ते कसे जडले आणि कोठे दुखावले, ह्या दोन्ही गोष्टी तेथे स्पष्ट दिसून येतात.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. इंग्लंडातील रग्बी गावच्या शाळेवरून ह्या खेळास नाव पडले. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवावयाचा, हे त्यातील मुख्य उद्दिष्ट. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो मागील किंवा बरोबरीच्या गड्याकडेच द्यावा लागतो. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. त्यांपैकी आठ जण प्रसंगी खांद्यास खांदा भिडवून प्रतिपक्षाच्या आठ जणांशी रेटारेटी करतात. इंग्लंडात ह्या खेळाची मध्यवर्ती संघटना १८७१ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी वेल्समधील नीथ गावी क्लब स्थापन झाला. पुढे १८८१ मध्ये वेल्सची स्वतंत्र संघटनाही नीथ येथेच जन्मास आली. आरंभी हा खेळ श्रीमंतांच्या शाळांत शिकून आलेल्या तरुणांचा होता. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत तो त्यांचाच राहिला. परंतु दक्षिण वेल्समध्ये तो थोड्याच वर्षांत खाणीतील व पोलादाच्या कारखान्यांतील कामगारांनी आपलासा केला.

ह्याचे कारण त्या भागाच्या वस्तीत आहे. ऱ्होंडाचे खोरे १८५१ मध्ये जवळजवळ निर्जन होते. तेथे सुमारे एक हजार माणसे राहत. जमिनीखाली उत्तम कोळसा सापडला आणि १९११ च्या खानेसुमारीत त्याच खोऱ्याची लोकसंख्या दीड लाखावर गेली. ही माणसे पश्चिम वेल्सच्या शेतांवरून, इंग्लंडच्या सॉमरसेट व ग्लॉस्टर परगण्यांतून, आयर्लंडातून आली होती. कोणी वेल्श बोलत, कोणी इंग्रजी. डोंगराच्या उतारावर एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण घरे उभी राहिली म्हणून गाव उभे राहत नाही. प्रार्थनामंदिरे होती, परंतु ती पंथापंथांची निरनिराळी होती. दारूचे गुत्ते होते. तेथे प्रार्थनामंदिरातील मंडळी पाऊल टाकीत नसत. एका खाणीचा मनुष्य दुसऱ्या खाणीच्या मनुष्यास ओळखत नसे. साऱ्या वस्तीस एकत्र आणील आणि तिचे नाव मोठ्याने उच्चारील अशी वस्तू फार थोडी होती. शनिवारी दुपारनंतर मैदानात उतरणारा पंधरा गड्यांचा संघ ही ती वस्तू होय. त्या संघात डॉक्टर, शिक्षक आणि खाणीतील मजूर एका रांगेत उभे राहत, आणि त्यांच्या क्लबास गावाचेच नाव असे.

म्हणून त्या लोकांनी क्लबास आश्रय दिला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. क्लबानेही त्यांस गाव दिले. परक्या मुलखातून आलेला मनुष्य ज्या दिवशी शेजारच्या गावाविरुद्ध ओरडू लागला, त्या दिवशी तो त्या गावचा झाला. शेजारचे गाव असणे ह्या बाबतीत फार आवश्यक असते. दूरच्या संघाचा पराभव झाला तर आनंद होतो. पण लॅनेली आणि स्वॉन्झी ह्यांसारख्या जवळजवळच्या गावांत सामना झाला, तर सोमवारी कामावर त्याचा जाब द्यावा किंवा घ्यावा लागतो. आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांतील तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ह्यांचे सामने शाहू स्टेडियमवर ज्यांनी पाहिले असतील, त्यांस ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे पेठ कोणती हे कळले की संघ कोणता हे विचारावे लागत नाही.

पहिल्या पिढीत असे घडले. पुढच्या पिढ्यांत निष्ठा घरातूनच मिळू लागली. बाप मुलाचा हात धरून त्यास मैदानावर नेई आणि आपण जेथे उभा राहत आलो तेथेच त्याला उभा करी. मुलास खेळाचे नियम कळण्याच्या आधी रंग कळत, आणि रंग कळण्याच्या आधी बापाचा आनंद व खेद कळे. शिवाय मैदानातील गडी त्यास परका नसे. १९९५ पर्यंत ह्या खेळात वेतन घेण्यास मनाई होती; त्यामुळे शनिवारचा वीर सोमवारी खाणीत, भट्टीवर किंवा शाळेतील फळ्यापुढे दिसे. पॉन्टिपूल क्लबाच्या पहिल्या फळीतील चार्ली फॉकनर, बॉबी विंडसर आणि ग्रॅहॅम प्राइस हे तिघे १९७५ मध्ये एकदमच वेल्सच्या राष्ट्रीय संघात उभे राहिले. राष्ट्रीय संघाच्या त्या फळीत पॉन्टिपूलच्या लोकांस आपल्याच गल्लीतील शक्ती रेटा देत असलेली दिसली.

ह्या नात्याला कठोर बाजूही होती. दोन महायुद्धांमधील बेकारीच्या काळात उत्तर इंग्लंडातील क्लब रग्बीच्या दुसऱ्या, वेतन देणाऱ्या प्रकारासाठी वेल्सचे चांगले गडी पैसे देऊन नेत. घरात चूल पेटत नसताना असा पैसा नाकारणे सोपे नव्हते. परंतु जो गेला त्यास जुन्या क्लबाचे दार नियमाने बंद होई. गावाचा अभिमान आणि घरची भाकरी ह्यांत निवड करण्याची पाळी अनेक तरुणांवर आली. मागे राहिलेल्या प्रेक्षकांनी त्यांच्याविषयी राग आणि सहानुभूती एकाच वेळी बाळगली.

गाणे आणि आठवण ह्या दोन गोष्टींनी ही निष्ठा टिकविली. प्रार्थनामंदिरांत चार सुरांत गावयास शिकलेली माणसे मैदानावरही तशीच गाऊ लागली. १९०५ च्या डिसेंबरात कार्डिफ येथे न्यूझीलंडविरुद्ध सामना सुरू होण्यापूर्वी वेल्सच्या खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत सुरू केले आणि साऱ्या प्रेक्षकांनी त्यात सूर मिळविला. तो सामना वेल्सने ३–० असा जिंकला. लॅनेली हे गाव पत्र्याच्या कारखान्यांचे. तेथील प्रेक्षकांचे आवडते गाणे ‘सोस्पन वाख’, म्हणजे ‘लहानसे पातेले’. गाण्यात खेळाविषयी मुळात काहीच नाही. घरकामाने गांजलेल्या बाईच्या संसाराची ती गंमत आहे. पण १९०८ मध्ये क्लबाने ऑस्ट्रेलियास हरविले तेव्हा त्या विजयाची ओळ तीत घालण्यात आली, आणि मैदानातील खांबांच्या टोकांवर लाल पातेली चढली.

ह्याच लॅनेलीने ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी स्ट्रॅडी पार्क मैदानावर न्यूझीलंडच्या बलाढ्य संघास ९–३ असे हरविले. संघाचे मार्गदर्शक कार्विन जेम्स हे खाणकामगाराचे पुत्र. संघनायक डेल्म टॉमस ह्यांस लोकांनी खांद्यावर घेतले, आणि त्या रात्री गावातील दारू संपून गेली असे आजवर सांगतात. मैदानावर वीस हजारांच्या आसपास माणसे होती. परंतु ‘मी तेथे होतो’ असे म्हणणारांची संख्या पुढे कितीतरी वाढली, असा तेथे एक विनोद आहे. त्या विनोदात मर्म आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसही तो सामना स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. क्लब पुढे हरत राहिला तरी अशी आठवण खर्च होत नाही.

ह्याच्या उलट एक उदाहरण हिंदुस्थानातच घडून गेले. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातील इंग्रजांनी रग्बीचा सामना केला आणि १८७३ च्या जानेवारीत क्लब काढला. सभासद पुष्कळ झाले, पैसाही जमला. परंतु ते सर्व बदलीवर आलेले अधिकारी, व्यापारी आणि पलटणीतील लोक. एक पलटण निघून गेली, टेनिस व पोलो ह्यांची गोडी लागली आणि चार-पाच वर्षांत क्लबात चैतन्य उरले नाही. तेव्हा बँकेतील शिल्लक रुपये वितळवून त्यांच्या चांदीचा एक चषक घडविण्यात आला. नागांच्या आकाराचे कान आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या चषकासाठी १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड खेळत आले आहेत. चषक राहिला, क्लब गेला. कारण त्या क्लबास सभासद होते, पण गाव नव्हते.

गाव असूनही ते बाजूस सारले तर काय होते, हे वेल्सने २००३ मध्ये पाहिले. १९९५ नंतर खेळाडूंस वेतन देणे सुरू झाले आणि नऊ क्लबांचा खर्च सुमारे तीस लाख वस्तीच्या देशास पेलेना. संघटनेने वेतनी खेळ पाच प्रादेशिक संघांत गोळा केला. नीथ व स्वॉन्झी ह्यांचा एक झाला, न्यूपोर्ट व एब व्हेल ह्यांचा एक, आणि पॉन्टिप्रिद व ब्रिजेंड ह्यांचा ‘केल्टिक वॉरियर्स’ नावाचा एक. ऱ्होंडाच्या मुखाशी वसलेल्या पॉन्टिप्रिदने १९९६ मध्ये वेल्सचा चषक आणि १९९७ मध्ये साखळी स्पर्धा जिंकली होती. सार्डिस रोड मैदान हे तेथील लोकांचे जणू दुसरे घर. कालपर्यंत ज्या ब्रिजेंडला हरविण्यात पुरुषार्थ मानला, त्याच्याच बरोबरीने आज नव्या नावाचा जयजयकार करावा, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती. नवा संघ दुबळा होता असेही नाही. १९०४ सालचे नव्हे, तर २००४ सालचे युरोपचे अजिंक्यपद पुढे ज्या वॉस्प्स संघाने मिळविले, त्यास ह्या संघाने त्याच्याच मैदानावर हरविले होते. तरी प्रेक्षक व पैसा पुरेना, आणि एकाच हंगामानंतर, २००४ च्या उन्हाळ्यात, तो संघ बंद करण्यात आला. त्याचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले. प्रेक्षकांची अशी वाटणी करता आली नाही. पॉन्टिप्रिदच्या मनुष्यास कार्डिफचा रंग अंगावर घालणे जमले नाही, आणि अनेकांनी वेतनी खेळाकडे पाठच फिरविली.

संघटनेच्या बाजूने जे बोलता येते तेही न्यायाने सांगितले पाहिजे. पैसा थोडा होता हे खरे. आणि थोड्या संघांत उत्तम गडी एकवटल्यानंतर वेल्सच्या राष्ट्रीय संघाने २००५, २००८, २०१२ आणि २०१९ ह्या वर्षी पाच प्रतिस्पर्धी राष्ट्रांस एकाच हंगामात हरविण्याचा पराक्रम केला. तेव्हा तो निर्णय केवळ मूर्खपणाचा होता असे म्हणता येत नाही. चूक हिशेबातील एका कलमाची होती. लोक जवळच्या सर्वोत्तम संघाकडे आपोआप वळतील, असे गृहीत धरले गेले. खेळ पाहावयास येणारा मनुष्य तसा वळतो. आपला संघ पाहावयास येणारा वळत नाही.

पॉन्टिप्रिद, ब्रिजेंड, नीथ हे जुने क्लब खालच्या पायरीवर खेळत राहिले. तेथे कोणी विनामूल्य दाराशी तिकिटे देतो, कोणी मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, कोणी बाई चहा करते. निष्ठा वाढते ती बहुधा अशाच कामांतून. केवळ पाहणारा मनुष्य कंटाळू शकतो, पण ज्याने रेषा मारली त्यास ते मैदान आपले वाटते. बाहेरून आलेल्या नव्या कुटुंबासही हा मार्ग मोकळा असतो. आज जे स्वतःस अस्सल पॉन्टिप्रिदचे म्हणवितात, त्यांपैकी अनेकांचे पूर्वज सॉमरसेटहून किंवा आयर्लंडातून पोटासाठी आलेले होते. त्यांस कोणी हुकूम देऊन त्या गावचे केले नाही. ते शनिवारी मैदानावर गेले, पुढच्या शनिवारी पुनः गेले, आणि काही वर्षांनी आपल्या मुलांस घेऊन गेले. संघ एका ठरावाने निर्माण करता येतो. त्याच्या मागे उभे राहणारे गाव तयार होण्यास असे पुष्कळ शनिवार जावे लागतात.