परमुलुखांत मोटार हांकतांना

हल्लीं आपल्यांतील पुष्कळ घरचीं मुलें उद्योगानिमित्त परदेशीं राहतात, आणि त्यांच्या मागोमाग आईबापांचेंही तिकडे जाणें होतें. पूर्वीं अशी मंडळी आगगाडीनें फिरत. आतां भाड्याची मोटार घेऊन ती स्वतःच हांकण्याची चाल पडली आहे. सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. पण जो पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून निर्धास्तपणें गाडी काढतो, त्यास जगांतील सारेच रस्ते सोपे वाटूं लागतात, आणि तेथेंच घात होतो. जर्मनींतील अनुभवावरून सुचलेल्या चार गोष्टी येथें नमूद करितों.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां, धाकटे चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू असे बव्हेरिया प्रांतांत हिंडत होतों. पहिले दोन दिवस चिरंजीव फार जपून हांकीत होते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एका खेड्यांत न्याहारी करून निघालों. रस्ता अगदीं मोकळा होता. बोलण्याच्या ओघांत चिरंजिवांनीं गाडी रस्त्यावर घेतली ती थेट डाव्या बाजूस! वळणावरून समोर मालमोटार आली, तोंच मागच्या आसनावरून आमची मंडळी ओरडली, "अरे, उजवीकडे घे!" दोन्ही चालकांनीं एकदमच ब्रेक दाबले. मधें फार तर चार हात अंतर उरलें. तो मालमोटारवाला रागावलाही नाहीं. त्यानें केवळ हातानें बाजू दाखविली. पुढचा अर्धा तास गाडींत कोणी शब्द काढला नाहीं.

मागाहून विचार करितां ध्यानांत आलें कीं, चूक गर्दींत झाली नाहीं, मोकळ्या रस्त्यावर झाली. पहिल्या दिवशीं झाली नाहीं, तिसऱ्या दिवशीं झाली. गर्दींत पुढील गाडी वाट दाखविते. रस्ता रिकामा असला म्हणजे जुनी संवयच चाक फिरविते. स्वीडन देशानें ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहांटे पांच वाजतां साऱ्या राष्ट्राची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्यानंतर कांहीं काळ तेथील अपघात वाढण्याऐवजीं घटले, कारण जो तो भीत भीत हांकीत होता; पुढें भीति गेली आणि अपघात पूर्वपदावर आले. तात्पर्य, जागी असलेली भीति हीच खरी रक्षक. आत्मविश्वास तिच्या पोटीं जन्मतो, तिला घालवून नव्हे.

यावर उपाय साधे आहेत. देश कोणताही असो, सामान्यतः चालकाचें आसन रस्त्याच्या मध्याकडे असतें, कडेला नव्हे, एवढें एकच सूत्र मनांत ठेवावें. उजवीकडचें वळण तेथें आंखूड, डावीकडचें लांब. चौकांतील वर्तुळाबाबत तर आपल्या वाचकांस खूण सांगणें सोपें आहे. आपल्याकडे त्यास आपण देवाप्रमाणें उजवा हात ठेवून प्रदक्षिणा घालतों. तिकडे तें डाव्या हातास ठेवून उलट फिरावयाचें. न्याहारीनंतर, पेट्रोल भरल्यावर, किंवा एकेरी गल्लींतून बाहेर पडतांना शेजारी बसलेल्यानें मोठ्यानें "उजवीकडे" म्हणावें. यांत चालकानें कमीपणा मानूं नये. पायीं चालणाऱ्यानेंही रस्ता ओलांडतांना प्रथम डावीकडे पाहावें.

गाडी हातीं येतांच लगेच निघूं नये. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत वळण दाखविणारा दांडा चाकाच्या उजवीकडे असतो, तिकडे डावीकडे; त्यामुळें वळतांना भर उन्हांत कांच पुसणारे दांडे हलूं लागतात! गिअरही उजव्या हातानें टाकावा लागतो. म्हणून आवारांतच पाव तास फेऱ्या माराव्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी मागून घेतल्यास निम्मी चिंता मिटते. विमानप्रवासाच्या रात्रीनंतर तर एक दिवस विश्रांति घेतल्यावांचून चाकास हात लावूं नये.

आतां जर्मनीचे विशेष. जेथें पाटी अथवा दिवा नाहीं, अशा चौकांत उजवीकडून येणारास प्रथम जाऊं द्यावें, मग तो लहान गल्लींतून कां येईना. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर मान आपला. गांवाच्या नांवाची पिवळी पाटी लागली कीं वेग ताशीं ५० किलोमीटर, गांवाबाहेर १००. ऑटोबानवर कित्येक ठिकाणीं वेगास बंधन नसलें तरी १३० ची शिफारस आहे. तेथें उजव्या पट्ट्यांतूनच चालावें, ओलांडण्यापुरतेंच डावीकडे यावें. उजवीकडून ओलांडणें निषिद्ध होय. वाहतूक तुंबली कीं सर्वांत डावीकडील गाड्या डाव्या कडेस व बाकीच्या उजवीकडे सरकून मधें रुग्णवाहिकेस वाट करितात. तें दृश्य पाहून मला फार कौतुक वाटलें. ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबणें हा दंडनीय अपराध मानला जातो. उजवीकडे वळतांना सरळ जाणाऱ्या सायकलस्वारास आधीं जाऊं द्यावें. बारा वर्षांखालील आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलास त्याच्यायोग्य वेगळें आसन लागतें. आमच्या नातवानें त्याबद्दल बरीच कुरकुर केली, पण त्या सकाळनंतर केली नाहीं.

निघण्यापूर्वीं आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. त्याची मुदत फार तर एक वर्ष असते, आणि मूळ परवानाही जवळ लागतोच. भाड्याची गाडी शेजारच्या देशांत नेण्याची मुभा आहे कीं नाहीं, तें आधीं विचारावें. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील द्रुतमार्गांस निराळा कर भरावा लागतो.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. गाडींत पांच माणसें असलीं म्हणजे पांच जणांनीं मार्ग सांगूं नये. एकानें नकाशा पाहावा, एकानें बाजूची आठवण द्यावी, बाकीच्यांनीं देखावा पाहावा. आणि चालकानें, तो कितीही निष्णात असो, मागून आलेली आईची हांक ऐकण्याइतके कान मोकळे ठेवावे.