वाळूवरील व्हॉलीबॉल व त्याचा एक थोर खेळाडू

आपल्या जालना जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पात्रातील वाळू सोडली, तर आपल्या मुलांच्या पायांस परिचय आहे तो काळ्या मातीचा व मुरमाचा. असे असता शाळेच्या वार्षिकात समुद्रकाठच्या खेळाविषयी व त्यातील एका परदेशी खेळाडूविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा खेळ ज्या खेळातून निघाला तो व्हॉलीबॉल आपल्या मैदानावर रोज सायंकाळी चालतो. परंतु तो खेळताना आपल्या मुलांत जो एक दोष दिसून येतो, त्यावरील औषध ह्या वाळूवरील खेळात व ह्या खेळाडूच्या चरित्रात सापडण्याजोगे आहे.

प्रथम मूळ खेळाविषयी थोडेसे. इ. स. 1895 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात होलिओक ह्या गावी वाय. एम. सी. ए. म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघात विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. चार वर्षांपूर्वी, 1891 साली, त्याच संघाच्या स्प्रिंगफील्ड येथील विद्यालयात जेम्स नेस्मिथ ह्यांनी बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला होता. परंतु तो प्रौढ व्यापारी मंडळींस फार दमवणारा ठरे. म्हणून मॉर्गन ह्यांनी मध्ये जाळे बांधून, अंगास अंग न भिडता खेळता येईल असा नवा खेळ रचला. त्याचे पहिले नाव ‘मिंटोनेट’ असे होते. 1896 साली ते बदलून ‘व्हॉलीबॉल’ झाले. ह्याच संघाच्या शाखांतून हा खेळ देशोदेशी गेला व हिंदुस्थानातही आला. मद्रास येथे 1920 साली हॅरी बक ह्यांनी सुरू केलेल्या वाय. एम. सी. ए.च्या शारीरिक शिक्षण विद्यालयातून जे शिक्षक तयार झाले, त्यांनी तो शाळाशाळांत नेला. मिशन शाळांच्या मैदानांवर व्हॉलीबॉलचे जाळे इतक्या सर्रास का दिसते, ह्याचे कारण हे आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांता मोनिका येथे, 1920 नंतरच्या काळात लोक हा खेळ वाळूत खेळू लागले. आरंभी एका बाजूस सहा जण असत. पुढे दोघा-दोघांचा सामना रूढ झाला. सहांचा खेळ दोघांवर आला म्हणजे केवळ चार माणसे कमी झाली असे नव्हे. खेळाचे स्वरूपच पालटते. सहांच्या संघात एक लिफ्ट देणारा, एक-दोन स्मॅश मारणारे, कोणी ब्लॉक करणारे अशी कामाची वाटणी होते. ज्याला सर्व्हिस नीट घेता येत नाही तो बाजूस सरकून निभावून नेऊ शकतो. दोघांच्या खेळात हे चालत नाही. ज्याने सर्व्हिस घेतली त्यालाच पुढे धावून स्मॅश मारावयाचा असतो, कारण दुसऱ्याने लिफ्ट दिलेली असते. बदली खेळाडू नाही; कोणी जायबंदी झाला तर सामना सोडावा लागतो. वाळूत पाय रुततो, उडी अर्ध्यावर येते, वारा चेंडूची दिशा बदलतो व ऊन डोळ्यांवर येते. म्हणूनच ठरावीक गुणांनंतर बाजू बदलण्याचा नियम आहे. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की, प्रतिपक्ष नेहमी दुबळ्या जोडीदारावरच सर्व्हिस टाकतो. ज्याचे वैगुण्य असेल ते घटकाभरात उघडे पडते.

अशा खेळात जगात सर्वांत अधिक विजय मिळवून ज्याने कीर्ती संपादिली, त्याचे नाव कार्च किराय. त्याच्या आडनावाचा हंगेरीच्या भाषेत अर्थ ‘राजा’ असा आहे. परंतु त्याच्या घराण्याची कथा राजवैभवाची नसून निर्वासिताची आहे. त्याचे वडील लास्लो हे हंगेरीच्या तरुण संघातून व्हॉलीबॉल खेळलेले. 1956 साली त्या देशात उठाव झाला व रशियन सैन्याने तो चिरडला, तेव्हा ते देश सोडून अमेरिकेत आले. तेथे कार्चचा जन्म 3 नोव्हेंबर 1960 रोजी मिशिगन संस्थानातील जॅक्सन ह्या गावी झाला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे येऊन राहिले. मुलगा सहा वर्षांचा असताना पित्याने त्याच्या हाती चेंडू दिला व अकराव्या वर्षी पिता व पुत्र जोडीने वाळूवरील स्पर्धेत उतरले. मायदेशाहून आणलेली जी थोडी शिदोरी त्या गृहस्थांपाशी होती, तीत हा खेळ होता. तोच त्यांनी मुलास दिला.

कार्चने अभ्यासाची हेळसांड केली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. लॉस एंजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने जीवरसायनशास्त्रासारखा कठीण विषय घेऊन पदवी संपादन केली, व त्याच चार वर्षांत त्याच्या विद्यापीठाने 1979, 1981 व 1982 अशी तीन वेळा अखिल अमेरिकन विजेतेपदे मिळविली. नंतर तो राष्ट्रीय संघात गेला. 1984 साली लॉस एंजेल्सच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने ब्राझीलचा पराभव करून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तेवीस वर्षांचा कार्च हा संघातील सर्वांत लहान खेळाडू होता. त्या वेळी रशिया खेळावयास आलाच नव्हता, म्हणून कित्येकांनी त्या यशास उणे मानले. चार वर्षांनी सेऊल येथे कार्चच्याच नेतृत्वाखाली अमेरिकेने अंतिम सामन्यात रशियास हरविले व तो आक्षेप कायमचा मिटविला.

त्या संघाच्या पद्धतीत एक मर्म होते. इतर संघांत सर्व्हिस घेण्यास अधिक खेळाडू उभे राहत. अमेरिकेने हे काम मुख्यतः दोघांवरच सोपविले, व त्यांपैकी एक कार्च होता. ज्याच्या स्मॅशसाठी लोक टाळ्या वाजवीत, तोच वाकून, गुडघे टेकून सर्व्हिस उचलण्याचे कष्टाचे व अप्रसिद्ध काम आपल्या अंगावर घेई. हे बळ त्याला वाळूने दिले होते. कारण दोघांच्या खेळात ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याची सोयच नसते.

वाळूवरील व्यावसायिक स्पर्धांत त्याने पहिले विजेतेपद 1979 साली सिंजिन स्मिथ ह्याच्या जोडीने मिळविले, व अखेरचे 2005 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. एकंदर विजेतेपदे 148 झाली आणि ती तेरा निरनिराळ्या जोडीदारांसह मिळविली. ह्यातील दुसरा आकडा पहिल्याइतकाच विचार करण्यासारखा आहे. एकाच सोबत्याबरोबर जिंकणे हा कदाचित दोघांच्या स्वभावाचा योग असेल. परंतु तेरा भिन्न प्रकृतींच्या माणसांबरोबर जिंकणे म्हणजे दुसऱ्याच्या गुणांस जागा करून देण्याची कला अवगत असणे होय.

1996 साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये वाळूवरील व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. आता येथे जालन्याच्या वाचकांनी सावध होऊन ऐकावे. अटलांटा शहर समुद्रापासून फार दूर, देशाच्या अंतर्भागात आहे. जवळच्या जोन्सबरो येथे कृत्रिम तळ्याच्या काठी वाळू आणून टाकली व त्यावर जगातील हे पहिले ऑलिंपिक सामने झाले! कार्च तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याचा जोडीदार केंट स्टेफिस तरुण होता. वाटेत त्यांची गाठ कोणाशी पडावी? ज्याच्या संगतीत पहिले विजेतेपद मिळविले त्या सिंजिन स्मिथशीच. तो सामना 17–15 असा केवळ दोन गुणांनी सुटला. अंतिम सामन्यात डॉड व व्हिटमार्श ह्या आपल्याच देशबांधवांस 12–5, 12–8 असे हरवून कार्चने तिसरे सुवर्णपदक मिळविले. सभागृहातील व वाळूवरील अशा दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविण्याचा मान त्याच्याकडे जातो.

खेळातून 2007 साली निवृत्त झाल्यावर तो शिक्षक झाला. त्याच्या हाताखाली अमेरिकेच्या स्त्रियांच्या संघाने 2014 साली प्रथमच जागतिक विजेतेपद मिळविले. 2016 साली रिओ येथे कांस्यपदक, व टोकियो येथे 2021 साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्या संघाचे पहिलेवहिले सुवर्णपदक मिळाले. 2024 साली पॅरिस येथे रौप्यपदक मिळाल्यानंतर पुरुषांच्या संघाचे शिक्षकपद त्याच्याकडे सोपविण्यात आले. स्वतः जिंकणे व दुसऱ्यास जिंकावयास शिकविणे ही दोन निराळी सामर्थ्ये आहेत. एकाच मनुष्यात ती दोन्ही क्वचितच आढळतात.

आता आरंभी सांगितलेल्या दोषाकडे वळू. आपल्या मैदानावर सहा मुले उभी राहिली की प्रत्येकास जाळ्याजवळ उभे राहून स्मॅश मारावयाचा असतो. मागे सर्व्हिस घेण्यास कोणी राजी नसते. चेंडू दोघांच्या मधोमध पडतो व दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. बलवान मुलगा दुर्बलाचा चेंडू हिसकावून घेतो. मग दुर्बल मुलगा शिकत नाही, व सामन्याच्या दिवशी प्रतिपक्ष नेमका त्याच्यावरच सर्व्हिस टाकतो. हा दोष नुसता खेळातला आहे काय? वर्गात, घरात, मंडळीत व गावातही जेथे कष्टाचे काम मागच्या रांगेचे समजले जाते, तेथे तोच दिसतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना शरीराच्या अवयवांचा दृष्टांत दिला आहे, तो अशाच लोकांकरिता.

ह्यावर उपाय खर्चाचा नाही. आठवड्यातून दोन दिवस आपल्याच जाळ्यावर मुलामुलींनी दोघा-दोघांचे सामने खेळावेत; मैदान थोडे आखूड करावे, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, म्हणजे बलवानास दुर्बलाचा सोबती व्हावे लागेल. जमीन कठीण असल्याने झेप घेण्याचा मोह मात्र आवरावा. जमल्यास एका कोपऱ्यातील माती भुसभुशीत करून घ्यावी. पहिले काही दिवस गुण थोडे होतील, धाप फार लागेल व हसे होईल. परंतु महिनाभराने पुन्हा सहांचा संघ उभा राहील, तेव्हा मधोमध पडणाऱ्या चेंडूकडे दोन बोटांऐवजी चार हात धावतील. समुद्र नसलेल्या जोन्सबरोस जी वाळू आणावी लागली, ती आपणांस आणता आली नाही तरी चालेल. तिने शिकविलेला धडा मात्र आपल्या मुरमावरही गिरवता येतो.