मधुमेही सभासदाने बोईसर-पालघरला हॉटेलात काय जेवावे?



आपल्यापैकी कित्येकांची मुले बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. वर्षातून दोन-चारदा तिकडे जाणे होते. घरी नेटाने पथ्य पाळणारा माणूस तिथे चार दिवस हॉटेलचे जेवतो आणि परत आल्यावर रक्तातली साखर वाढलेली निघते. उसाच्या खात्यातल्या माणसाने साखर कमी खा म्हणून सांगावे, हे चमत्कारिक वाटेल. पण साखर कशात किती आहे हे मोजणे आमचे रोजचेच काम, म्हणून हे चार शब्द.

आधी दुखणे समजून घेऊ. पाटाला पाणी आले आहे, पण दारं उघडत नाहीत. मग पाणी सरीत न जाता पाटातच तुंबते. पाट म्हणजे रक्त, पाणी म्हणजे साखर आणि दारं धरणारा गडी म्हणजे इन्सुलिन. टाईप २ मधुमेहात गडी असतो, पण दारं त्याला दाद देत नाहीत. पुढे पुढे गडीही थकतो. म्हणून पाटाला एकदम जादा पाणी सोडायचे नाही, हेच पथ्याचे सार. युरिया आपण हप्त्याने देतो, तसेच हे.

साखर फक्त गोडातून येते असे नाही. भात, पाव, मैदा, बटाटा यांचीही पोटात साखरच होते. तेव्हा हॉटेलात पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) ताट : अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. पालघरला सातपाटी बंदर जवळ, मासळी ताजी मिळते. ती कमी तेलात तव्यावर भाजून मागावी. वाड्याचा कोलम चवीला फार चांगला, पण एक मूद पुरे. तांदळाची भाकरी घेतली तर भात नको.

२) पंजाबी व चायनीज : नान आणि नूडल्स मैद्याचे असतात. दाट रश्शात बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असते. त्यापेक्षा एक तंदुरी रोटी, डाळ व पालेभाजी बरी.

३) मेक्सिकन : मुले मुंबईला असल्या हॉटेलात नेतात. घाबरू नका. मका, मिरची, टोमॅटो आपल्याकडे आले ते त्याच मुलुखाकडून. टॉर्टिया म्हणजे पातळ पोळी, मक्याची किंवा मैद्याची. मक्याची एक घ्यावी. सोबत राजमा, कोंबडी, कच्च्या भाज्या. तळलेले नाचोज, चीज आणि भात भरलेली मोठी गुंडाळी टाळावी.

४) पेये : आपल्या ब्रिक्स मीटरवर १८ दाखवणारा २०० मिली रस घेतला, तर त्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे सहा चमचे. कोल्ड्रिंकच्या ३०० मिली बाटलीतही जवळपास तेवढीच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ प्रसिद्ध आहे, पण ते छोटेच खावे, मिल्कशेक नको. गूळ घातलेला चहा चालतो ही समजूत खोटी. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

५) वेळ : इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जेवणाला उशीर झाला, की धोका उलटा असतो. गाडी रखडली, महामार्गावर कोंडी झाली, की घाम सुटतो, हात थरथरतात, डोके गरगरते. साखर ७० च्या खाली गेली समजावे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटल्यावर जेवावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. म्हणून प्रवासात साखरेची पुडी खिशात हवीच. इथे आपली साखर हे औषध आहे.

जेवणानंतर १५ मिनिटे चालावे. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहावी. कोणत्या जेवणाने किती चढली हे दोन-चार नोंदींत कळते. गोळ्यांच्या वेळा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नयेत; निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी